उजवीकडची खिडकी

शिर्केभाऊ, मे महिन्यात यायचं म्हणता.
या.
मागाहून फक्त म्हणू नका
की कोणी सांगितलं नव्हतं.

भंडाऱ्याहून पवनीची पहिली गाडी धरा, साडेपाचची.
त्यानंतरच्या गाडीत रेक्झिन पाठीला असं चिकटतं
की माणूस उतरला तरी
थोडासा सीटवरच राहतो.
बसा उजवीकडे.
सकाळचं ऊन डावीकडून येतं.
संध्याकाळी परततानाही उजवीकडेच बसा:
गाडी तोंड फिरवते, तोवर सूर्यही बाजू बदलतो,
खिडकी तीच पुरते.
तुम्ही घाटातले कंडक्टर, तुम्हाला हे जमलं नसतं,
तिथं वळणागणिक ऊन मांडी बदलतं.
मला एकतीस वर्षं तिकिटं फाडून
एवढं एकच शास्त्र पक्कं आलं.

तुमच्याकडे घाम येतो.
इथं तो दिसायच्या आत वाळतो,
शर्टावर मिठाची रेघ उरते.
तेव्हा तहान लागायची वाट पाहू नका.
दुपट्टा आणा, सुती, पांढरा.
टोपी नको. टोपी उडते,
आणि टोपीनं तोंड पुसता येत नाही.
खिशात कांदा ठेवा म्हणून कोणी सांगेल.
ठेवा.
तपन त्यानं अडते की नाही, देव जाणे,
पण भाकरीच्या वेळेला कामी येतो.

बारा ते चार कुठं जायचं नाही.
मी तेव्हा काय करतो?
काही नाही.
नोकरीत ही वेळ कधी आतून पाहिलीच नव्हती.
कौतिका फरशीवर पाणी शिंपडते,
ते वाळेस्तोवर आम्ही दोघं त्यावर पडून राहतो,
कूलरच्या वाळ्याचा वास घेत,
मध्येच एखादं वाक्य बोलत.
अंबाडीचं शरबत ठेवलेलं असतं.
तुमच्यासाठी गूळ जास्त टाकू.

नवतपा लागला की भिऊ नका.
त्याच सुमारास एका दुपारी सावली हरवते.
खरंच हरवते. अंगणात काठी रोवून पाहा.
कौतिका म्हणते, वर्षभर मागं हिंडून थकली बिचारी,
घटकाभर पायाखाली बसली,
तर बसू दे.
तेवढा वेळ मी पाय हलवत नाही.

एक गोष्ट मात्र तुम्हाला दाखवता येणार नाही.
पवनीच्या थांब्यावर सयत्रा चढायची, ढिवराची,
वैनगंगेच्या वाळूतली डांगरं पोत्यात भरून.
लगेजचं तिकीट म्हटलं की हसायची.
उतरताना एक डांगर माझ्या सीटवर ठेवून जायची
आणि लगेजचे पैसे मी माझ्या खिशातून भरायचो.
सरकारचं नुकसान झालं नाही,
हे आधी लिहून ठेवतो.
डेपोत आम्ही ते बुक्कीनं फोडायचो.
सुरी कोणाजवळ नसायची.
आत गार.
भर दुपारी, टपावर भाकरी भाजेल अशा गाडीतून आलेलं,
तरी आत गार.
कसं, ते मी तिला विचारायचं राहिलं.
मग धरणाचं पाणी मागं सरकत आलं,
वाळू खाली गेली, वाडी खाली गेली.
आता तिथं बारमाही निळं पाणी आहे, सुंदर दिसतं,
लोक फोटो काढतात.
तुम्हीही काढा.
बाजारात डांगर मिळेल, घेऊ.
फोडू बुक्कीनंच.

सामान फार आणू नका.
मोह वेचून झालाय, टेंभरं संपत आली असतील,
आंबा असेल.
झोपायला गच्चीवर बाज टाकीन.
पहिले दोन तास तुम्ही मला शिव्या द्याल,
गच्ची दिवसभराचं ऊन परत करत असते,
हिशेबाची पक्की आहे.
पण तीनच्या सुमारास बोडीवरून वारा येतो,
फार नाही, एका कुशीपुरता.
चादर लागत नाही,
तरी ओढावीशी वाटते.
तेव्हा तुम्हाला गाढ झोप लागली असेल
तर मी उठवीन.
राग मानू नका.