खडूच्या खुणा

शेवंती मागे मोरीपाशी होती, सहा वर्षं.
नुसती उंच व्हायची, उन्हाच्या वासावर मान लांबवत
पिसाळांच्या टाकीकडे.
दिवाळीला चार-दोन कळ्या धरायची,
त्या उघडायच्या आधीच काळवंडायच्या.
शेणखत झालं, ताक झालं, दुकानातली पुडी झाली.
"मुळातच नाजूक," म्हणून मी मोकळी झाले होते.

मग माघातल्या एका रविवारी खडू घेतला.
माची पेठेत थंडीचं ऊन उशिरा येतं,
अजिंक्यताऱ्याच्या खांद्यावरून उतरतं
तेही विचारत विचारत.
दर तासाला त्याची कड फरशीवर आखली.
नऊ. दहा. अकरा. भाजी फोडणीला टाकून बारा.
संध्याकाळी अंगण म्हणजे
कुणी अर्धवट सोडलेली भूमिती.
सगळ्या रेघांच्या मधोमध
स्कूटर उभी होती.

ह्यांची. निळ्या ताडपत्रीखाली,
काचबिंदूनं नजर नेली तेव्हापासून एकाच जागी.
दर गुरुवारी हे ती पुसतात,
हातानं हँडल शोधत, आरसा शोधत,
आरशापाशी जरा थांबत.

मी काही बोलले नाही. आठवडा गेला.
हेच म्हणाले, बशी खाली ठेवून,
"चपला चाचपताना हाताला खडू लागला. कसल्या रेघा?"
सांगितलं.
उरलेला चहा पिऊन झाला.
"गोडोलीच्या मुबारकला बोलव."

मुबारक मिस्त्रीनं ती ढकलत नेली.
किक मारून पाहिली नाही, बरं केलं.
मागे तेलाचा डाग राहिला, वीतभर.

दोन शहाबादी काढल्या, तेलकट माती फेकली,
बादलीएवढा खड्डा केला.
ऊन कलल्यावर शेवंतीभोवती लांबून खुरपं चालवलं.
"गड्डा फुटू देऊ नकोस," म्हणत
ह्यांनी तो दोन्ही हातांत घेतला,
बोटं क्लचवर असल्यासारखी गच्च.
मी कोपराला धरून चालले.
सात पावलं. मोजली त्यांनीच.

दुसऱ्या दिवशी ती मान टाकून पडली.
तिसऱ्या दिवशीही. वरून सुपाची सावली केली,
आणि तिच्याकडे बघायचं टाळलं.
फुलांचं विचारू नका, दिवाळी लांब आहे.

पण आज गुरुवार.
हे सवयीनं फडकं घेऊन बाहेर गेले,
वाकले, चाचपलं.
"कोवळं काहीतरी आहे गं, बुंध्याशी."
मग तिथेच बसले, फडकं गुडघ्यावर,
तोंड गडाकडे.
गालावर ऊन आलं तसे म्हणाले,
"साडेनऊ."

मी घड्याळ बघितलं.
नऊ पस्तीस.