सुटलेला सैतान

मिनियापोलिसला मार्चातही बर्फ असतो
आणि रमजानात आमच्या मशिदीच्या दारात
एकशेचाळीस जोड काळे बूट,
सगळे एकाच दुकानातले, एकाच सेलमधले.
त्यांचा फोटो काढून मी वर लिहिलं:
'ज्याचं ईमान पक्कं, त्यालाच आपले बूट सापडतात.'
रात्रीत अकरा हजार लोक हसले.
क्वालालंपूरहून कुणी म्हणालं, आमच्याकडे चपला, बाकी तेच.
साराजेव्होहून कुणी, मी अजून शोधतोय, सहा वर्षं झाली.

पेज माझं आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं.
घरी मी होदान, नर्सिंगचं दुसरं वर्ष,
जिच्या हातचे सांबुसे तेलात हमखास उघडतात.

मग ते माइकचं.
अदीर अवाले मगरिबची बांग द्यायला उभा राहिला
की त्याच्याआधी माइक किंचाळायचा,
तव्यावर कुणी काटा ओढावा तसा.
पोरं कानांवर हात ठेवायची.
मी लिहिलं:
'रमजानात सैतानाला साखळदंडांनी बांधतात म्हणे.
मग आमच्या माइकमध्ये कोण बसलंय?'

हे फारच पळालं.
खाली लोकांनी आपापल्या गावचे सैतान आणून बांधले:
लाउडस्पीकरमधला, वजूच्या गळक्या नळातला,
तरावीहच्या ऐन सजद्यात वाजणाऱ्या रिंगटोनमधला.
आणि काहींनी, तौबा कर.
एकाने जहन्नमचं सविस्तर वर्णन धाडलं,
त्यात शुद्धलेखनाच्या सहा चुका.
मी हसले. मग झोप येईना.
अल्लाची चेष्टा नाही केली, एवढं पक्कं.
पण मग कुणाची? वायरीची?
की त्या म्हाताऱ्याची,
जो किस्मायोत शाळामास्तर होता
आणि इथे नमाजानंतर दिवे मालवत फिरतो?

एकोणिसाव्या रोज्याला तो माझ्याकडेच आला.
फोन पुढे केला. 'चष्मा राहिला घरी. हे मोठं करून दे.'
माझंच चित्र.
दोन बोटांनी मी ते ताणलं.
तो ओठ हलवत वाचत राहिला,
परीक्षेचा पेपर तपासावा इतका वेळ.
'कुणी केलंय?'
'माहीत नाही, अदीर.'
(रोजा तोंडात, आणि खोटं.
डाव्या खांद्यावरच्या फरिश्त्याने लगेच टिपून घेतलं असणार.)
'जो कोण असेल त्याला सांग,
सैतान-बैतान कुणी नाही. वायर सैल आहे.
चार वर्षं कमिटीच्या कानीकपाळी ओरडतोय मी.'
आणि तिथेच उभा राहून
कमिटीच्या सातही जणांना
त्याने ते पाठवलं, एकेकाला वेगळं,
तर्जनीने, दारावर टकटक करावी तसं.

तेविसाव्याला नवा माइक आला.

त्या संध्याकाळी तो आम्हाला पहिल्यांदा ऐकू आला.
केवढा बारीक आवाज!
दुसऱ्या 'हय्या'ला दम पुरत नाही,
जिन्याच्या वळणावर थांबावं तसा थांबतो,
कठडा धरतो, पुन्हा चढतो.
इतकी वर्षं ते किंचाळणं
त्याच्यापुढे उभं राहून त्याला झाकत होतं.
खजूर हातातच राहिले.
कुणी फोन काढला नाही. मीही नाही.

तरावीह सुटली तेव्हा बाहेर ताजा बर्फ पडला होता.
अब्बा रॅकपाशी वाकून वाकून शोधत होते.
'माझे बूट?'
मी रस्त्याकडे बघितलं.
दिव्याखालून अदीर अवाले निघाला होता,
पाय जरा ओढत,
दोन नंबर मोठ्या बुटांत.
बर्फात उमटत होती पावलं अब्बांची
आणि चाल त्याची.
हाक मारू का, विचारलं.
अब्बा मोज्यांवर उभे, एक पाय दुसऱ्यावर ठेवून.
'जाऊ दे त्याला,' म्हणाले,
'तू फोटो काढ. तुझ्या त्या पेजवर टाक.
आणि तोंड मिट, होदान, थंडी आत जातेय.'