पुडीच्या कागदाचा रंग

डंडीत डिसेंबरात साडेतीनला दिवस मिटतो.
टे नदीवरचा पूल आधी जातो, मग नदी,
मग समोरच्या मिसेस गेडिस यांची खिडकी पिवळी होते
आणि माझ्या खोलीत उरतो एकच पांढरा चौकोन :
ओल धरलेल्या भिंतींचा, फुटलेल्या पाइपांचा
एकशे चाळीस पानी विम्याचा दावा.

पांढरं म्हणजे किती पांढरं?
कागद कधी इतका पांढरा नव्हता.
कागदावर उजेड पडायचा.
हा तर उजेडच, आणि त्यावर चालणाऱ्या मुंग्या.
कामाचा शेवट होईतो डोळ्यांत वाळू.
‘पापण्या मिटायला विसरता तुम्ही,’
चष्म्याच्या दुकानातला कॅलम म्हणाला,
आणि थेंबांची बाटली दिली, नऊ पौंडांना.

म्हणून आज सेटिंगच्या पोटात शिरले.
एका यादीत दुसरी, दुसरीत तिसरी,
आणि तळाशी एक बारीक चौकट :
दस्तऐवजाचे रंग बदला.
इतकी वर्षं ती इथेच होती
आणि मी कपाळाला बाम चोळत बसले.

आधी काळ्यावर पांढरं.
चार ओळी बरं वाटलं,
मग अक्षरांना कडेनं धूर सुटला,
तिनाचे आठ दिसू लागले.
विम्यात तिनाचा आठ होऊन चालत नाही.
काळ्यावर हिरवं : बँकेतला जुना संगणक,
आता कुणीतरी टोकन पुकारेल.
निळसर : इस्पितळ.
तयार मिळणारा तपकिरी
मुद्दाम जुनाट केलेल्या मेन्यूकार्डासारखा खोटा.

मग स्वतःच कालवायला घेतला.
तांबडा, हिरवा, निळा, तिघांचे आकडे.
निळा थोडा कमी. अजून. नको, हळद झाली.
चिमूटभर परत.
दोनशे चव्वेचाळीस, दोनशे छत्तीस, दोनशे सोळा.
अक्षरं काळी नकोत,
काजळ पुसल्यावर उरतं तेवढीच.
आणि हात थांबला.

बदामी म्हणावा तर तेवढा नाही.
पण हा रंग मला माहीत होता.
बार्शीच्या दवाखान्यात अप्पा कंपाउंडर.
चिनी मातीच्या खलात गोळ्या कुटून
पुड्या बांधायचे, सकाळ-दुपार-रात्र,
चाकूनं कापलेल्या ह्याच कागदाच्या चौकोनांत.
उरलेल्या पट्ट्या माझ्या.
त्यांच्यावर मी एकोणिसाचा पाढा लिहिला.
पान उलटताना बोट जिभेला लावलं
की एकोणीस साते कडू लागायचे.

दावा वाचला. पंचावन्न पानं, सलग.
डोळे कुरकुरले नाहीत.
गंमत अशी, की मुळात बदललं काहीच नाही;
ग्लासगोच्या कचेरीत तो पांढराफेक उघडेल.
माझी पुडी माझ्यापुरती.

मग ती फाइल उघडली
जी श्रीरंगनं सप्टेंबरात पाठवली होती :
अप्पांच्या शेवटच्या वहीची पानं, फोनवर टिपलेली.
भगभगीत.
चौकटीत पुन्हा खूण केली, आकडे पुन्हा टाकले.
पान हललं नाही.
यंत्राच्या लेखी हे लिखाण नव्हेच, नुसतं चित्र;
डॉक्टरांच्या चिठ्ठ्या लावता लावता
वळण गेलेलं ते अक्षर
त्याला कुठलं लागायला?

पडद्याचा उजेड तळापर्यंत उतरवला,
शेजारी दिवा लावला, मान पुढे केली.
दूध, दीड लिटर. गॅसवाला आला नाही.
गुडघ्याला तेल.
खाली, शाई बदलून :
‘पोरीचा फोन. तिकडे लवकर अंधारतं म्हणते.
कशी वाचत असेल?’

मिसेस गेडिस यांनी पडदा ओढून घेतला.
पुढच्या पानासाठी मी बोट जिभेला लावलं,
आणि काचेवर
ओला ठसा उमटला.