तिसरी तार

तक्रार : संध्याकाळ झाली की इंटरनेट बसतं.
पत्ता : उत्तर वेल्स, पाटीच्या दगडाची खाण संपते तिथलं शेवटचं घर.
ग्वेन्लियन पॅरी, वय एक्याऐंशी,
दार उघडून म्हणाल्या, बूट राहू दे, फरशी ओलीच आहे.

नातू पॅटागोनियात मेंढ्या राखतो.
रविवारी स्क्रीनवर येतो
आणि वाक्याच्या मध्यावर गोठतो, तोंड उघडं.
या तशाच बसून राहतात, चहा निवेपर्यंत.

मीटर लावला. मुख्य सॉकेटवर सहा मेगाबिट,
मागच्या खोलीत जेमतेम दीड.
म्हणजे रस्त्यावरचं तांबं निर्दोष, चोर घरातला.

ती वायर इद्वालने ओढली, त्या म्हणाल्या.
जिन्याच्या कडेने, रंगाच्या तीन थरांखालून,
खिडकीच्या चौकटीतून बाहेर, थेट कबुतरांच्या खुराड्यापर्यंत.
वीत वीत अंतरावर खिळा.
एकही वाकडा नाही.

मी सांगितलं : बोलणं दोन तारांतून जातं,
एकीचा गोंगाट दुसरी खोडते.
तिसरी, ही केशरी, फक्त घंटीची.
नव्या फोनला लागतसुद्धा नाही.
पण जोडीवाचून लोंबते घरभर, आणि अंधार पडला की
समुद्रापलीकडची रेडिओ स्टेशनं वेचत बसते,
कुठलं हवामान, कुठली प्रार्थना,
सगळं ओतते तुमच्या नातवाच्या तोंडात.

हसल्या नाहीत. कुठली घंटी?
खुराड्यातली. तेवढी एकच बंद पडेल.

शर्यतीच्या दिवशी फ्रान्सहून फोन यायचा,
सोडली म्हणून.
घंटी वाजली की हा लगेच आभाळाकडे बघायचा.
सात तासांची वाट असायची रे,
तरी बघायचा.

मग थोड्या वेळाने : कबुतरं तर विकली. काढ.

तीन नंबरच्या खाचेतून केशरी तार उपसली.
पाच पूर्णांक आठ.
पुढचं काम होतं, तरी अंधार पडेपर्यंत थांबलो.
पाच पूर्णांक आठ.

नियम असा की गाडीतून एक फोन करून बघायचा.
तिसऱ्या घंटीला उचलला.
वाजली ना?
इथे वाजली, त्या म्हणाल्या. थांब हं.
रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज,
मागच्या दाराची कडी.

मी फोन धरून राहिलो. चार मिनिटं असतील.
रिपोर्टात लिहिलं :
लाइन तपासली, गोंगाट नाही.