वैती, बावन्न पौंड

माझ्या वहीत ती अशी आहे:
वैती. बावन्न पौंड. बाकी साडेतीनशे.
रात्रीचं विमान होतं, पिशवीत सहाच मावल्या,
सातवी रॅकेट खिळ्यावर राहिली. पैसेही राहिले.

हिंदू कॉलनीमागे, जिमखान्याच्या भिंतीला टेकून
सहा बाय आठचं दुकान, एक मशीन, एक पंखा,
आणि बिनतारेच्या रॅकेटी टांगलेल्या,
काच निघालेल्या चष्म्यांसारख्या.

सोळा उभ्या, एकोणीस आडव्या.
आडवी एकीच्या वरून, दुसरीच्या खालून,
बोटांना आता विचारावं लागत नाही.
तिचे आजोबा एकदा सोबत आले होते माहीमच्या कोळीवाड्यातून,
जन्मभर जाळी विणलेला माणूस.
भोकात करंगळी घालून म्हणाले,
"आस मोठा ठेवलायस रे, मांदेली सगळी निसटेल."
ती तेव्हा तेरा वर्षांची. हसता हसता ठसका लागला तिला.

यंदा जानेवारीत ती क्रमवारीत चारशे बारावी.
थायलंडहून फोन: "काका, इथे बॉल
ओल्या टॉवेलसारखा जड येतो. काय करू?"
म्हटलं, दोन पौंड उतर.
पात्रता फेरीतून आत गेली, वर आणखी तीन मॅच जिंकली.
मी वहीत पन्नास लिहिलं.
तार तिथल्या कुणीतरी ओढलेली, काम माझं नव्हतं.
तरी लिहिलं.

मार्चमध्ये फोन नाही.
एप्रिलमध्ये तिची आई आली, पालिकेच्या दवाखान्यातून परस्पर,
अंगावर नर्सचा गणवेश तसाच.
उगाच ग्रिपचे भाव विचारले. जाताना म्हणाली,
खांदा धरलाय तिचा, पहिल्याच फेरीत हरतेय सगळीकडे,
सांगू नका कुणाला.
मी कुणाला सांगणार? पंख्याला?

आणि मग जून. लाल माती,
ज्याचं नाव मला धड घेता येत नाही असं गाव.
समोर पहिल्या पन्नासातली कुणी.
रात्री अडीच वाजता मोबाइलवर नुसते आकडे,
चित्र नाही, आवाज नाही.
चाळीस-चाळीस. तिची अ‍ॅडव्हान्टेज. चाळीस-चाळीस.
अकरा वेळा तोच आकडा परत आला,
दारातून परत फिरणाऱ्या पाहुण्यासारखा.
मध्येच नेट गेलं.
मी अंधारात बसून डाव्या हाताने
नसलेली तार ओढत होतो.
आलं तेव्हा सगळं संपलेलं, तिच्या नावापुढे बरोबरची खूण.
बायको झोपेत म्हणाली, कोण गेलं?
म्हटलं, कुणी नाही. पोरगी जिंकली.

ऑगस्टमध्ये एकशे अठ्ठ्याऐंशी.
ऑक्टोबरात सत्त्याण्णव, आणि पेपरात फोटो,
खाली नाव छापलं: वैद्य.
मी पेनाने दुरुस्त केलं. माझ्या एका प्रतीत तरी बरोबर आहे.

नोव्हेंबरमध्ये, शटर अर्धं ओढलेलं असताना
खालून आधी बूट दिसले, मग ती वाकून आत.
आता तिच्या तारा कंपनी बसवून देते, कॉम्प्युटरच्या मशीनवर.
तिने खिळ्यावरची रॅकेट काढली, तळव्यावर आपटली,
दोघांनीही ऐकलं.
"उतरलीय," म्हणाली.
"वर्षभर टांगल्यावर उतरणारच. कापू?"
"कापा. अठ्ठेचाळीस करा."
"एवढी सैल?"
"आधी भीती वाटायची काका, बॉल बाहेर जाईल.
म्हणून घट्ट मागायचे."

मी मधोमध कात्री लावली, तिरकी,
नाहीतर चौकट वाकते.
तासभर ती स्टुलावर बसून चहा पीत होती,
खांद्याबद्दल मी विचारलं नाही,
तिने सांगितलं नाही.

जुने साडेतीनशे, आजचे साडेतीनशे.
तिने पाचशेच्या दोन नोटा ठेवल्या.
सुटे नव्हते, कोपऱ्यावरचा पानवालाही बंद.
"राहू द्या. पुढच्या वेळी वळते करा."

वहीत बाकीच्या शेजारी एक रकाना आहे, जमा.
बावीस वर्षं कोरा.
तिथे आता लिहिलंय:
वैती. अठ्ठेचाळीस. तीनशे.