तिसऱ्या ओढीला

फॉर्मवर एक चौकोन आहे:
दुखणं किती वाजता सुरू झालं.

अवधूत कुंकळ्येकरांच्या मनगटावरचं घड्याळच सांगतं ते.
अकरा वाजून बावीस.
सोबत दिवसभराच्या पायऱ्या, झोप, ठोके.
ते गाडीतून उतरले आणि चौथ्या मिनिटाला
त्यांची पट्टी माझ्या हातात होती,
सरळ, नेमकी, कसलीही तक्रार नसलेली.
शाकुती जड झाली असेल, मोठे डॉक्टर फोनवर म्हणाले,
तरी आजची रात्र राहू देत इथेच.
तिसऱ्या मजल्यावर खोली मिळाली,
जिथे बटण दाबलं की पाठ आपोआप उचलली जाते.

दुर्योधन बेहेरा मासळीच्या पिकअपमधून आला,
बर्फाच्या क्रेटना टेकून.
फाटकावर वॉचमनने गाडी मागे घ्यायला लावली,
वास मारतो म्हणून.
मग काउंटर. आधार कार्ड बोटीवर राहिलेलं.
अनामत कोण भरणार?
दोन फोन तांडेलाला, तीन मालकाला,
मालक उचलत नव्हता.
तोवर तो बाकावर,
डावा हात उजव्यात धरून,
दुसऱ्या कुणाची वस्तू सांभाळावी तसा.

पाऊण तास.
त्याला फॉर्मवर चौकोन नाही.

माझ्याकडे आणला तेव्हा छातीला फुगे चिकटेनात.
खवले होते. बांगड्याचे, बारीक,
केसांत, घामात, बरगड्यांच्या खाचांत.
स्पिरिटच्या बोळ्याने पुसत गेले.
चौथा फुगा दोनदा सुटला.
सिस्टर म्हणाली, बेगीन कर गो.
बेगीनच करत होते.

मग रेघ निघाली
आणि वर गेलेली खाली यायचं विसरली,
वारा भरलेल्या शिडासारखी फुगून राहिली
दुसऱ्या लीडमध्ये, तिसऱ्यात, एव्हीएफमध्ये.
कागद मात्र त्याच वेगाने सरकला,
सेकंदाला पंचवीस मिलिमीटर.
आमच्याकडे तेवढंच सगळ्यांना सारखं मिळतं.

किती वाजता?
तीसरे जाल में, तो म्हणाला.
शिकाऊ डॉक्टरने चौकोनात लिहिलं: नक्की नाही.
नक्की नाही म्हणजे बारा तास उलटलेही असतील,
आणि उलटले असतील तर
मोठ्या डॉक्टरांना पुन्हा उठवायचं की सकाळ होऊ द्यायची,
यावर विचार करता येतो.
अनामत भरलेली नसली की तो विचार लांबतो.

माझा बाप वीस वर्षं कुटबणच्या ट्रॉलरवर.
घरात घड्याळ होतं, पण आई दिवस ओढींनी मोजायची.
तिसरं जाळं सोडतात पेज जेवून, एकच्या सुमाराला.
वर घेतात पावणेचारला.
आता रात्रीचा सव्वा वाजला होता.

म्हणजे विचारायचं होतं ते वेगळंच:
सोडताना, की ओढताना?
मी कोंकणीत विचारलं, हिंदीत विचारलं,
मग नुसत्या हातांनी.
त्याने हातांनीच सांगितलं,
दोन्ही मुठी लांबून छातीकडे आणल्या
एकदा.
दुसऱ्यांदा आणता आल्या नाहीत.

मी त्या दोन शब्दांवर काट मारली.
तो अधिकार माझा नाही.
पावणेचार, लिहिलं,
आणि शेजारी पूर्ण सही, शेवंती पागी, ईसीजी.
हे कुणी सांगितलं, शिकाऊने विचारलं.
जाळ्याने, असं तोंडात आलं होतं.
पेशंटने, म्हणाले.
तो क्षणभर माझ्याकडे बघत राहिला,
मग फोनकडे वळला.

दोन चाळीसला स्ट्रेचर आत गेलं.
सव्वा एक ते दोन चाळीस,
त्यालाही चौकोन नाही.
वर कुंकळ्येकरांच्या घड्याळाने
झोपेला ऐंशी गुण दिले असतील.

आठला मी निघाले तेव्हा लॅबच्या दारावरचा दिवा
लालच होता.
फाटकावर वॉचमन बदललेला.
त्याने नाक वर केलं, हसला,
काय मॅडम, आज बांगडे स्वस्त?