तीस मिनिटांचं दार

येलदींच्या कारखान्यावरचा माळा
आता घर होतोय.
परवापर्यंत तिथं सुताचे कोन होते, मोडके धोटे,
उंदरांनी कुरतडलेले चादरींचे नमुने.
आता जिप्समची भिंत आहे, पंखा आहे,
कोपऱ्यात लावण्याचं शिलाई मशीन,
अजून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं.

खाली चोवीस लूम.
एखादा थांबला तरच कळतं
की बाकीचे वाजतायत.

दार पुण्याहून आलं. चव्वेचाळीस मिलिमीटर जाड.
दोघांनी जिन्यावरून चढवलं, तिसऱ्यानं शिव्या दिल्या.
अंबादास म्हणाला, काय बे दस्तगीर,
तिजोरीचं दार आणलास का?
म्हटलं, तिजोरीत पैसे असतात, मालक.
ह्याच्यामागं तुमची पोरं झोपणार.

तीन बिजागऱ्या. दोनवर चालत नाही.
फटीत रुपयाची दोन नाणी एकावर एक सरकवून बघतो मी,
वरून खाली, मग कडेकडेनं.
अडली तर रंधा.
सुळकन गेली तर माझीच चूक,
ती रंध्यानं निघत नाही.

चौकटीच्या खाचेत एक पट्टी बसते, राखाडी, बोटभर रुंद.
हातात धरली तर काहीच नाही.
पण जाळ लागला की फुगते, तव्यावरच्या भाकरीसारखी,
आणि धुराची वाट बुजवून टाकते.
वर्षानुवर्षं गप्प पडून राहायचं
आणि एकदाच फुगायचं.
नाहीतर कधीच नाही.
एवढ्या पगारी सुट्टीचं काम
मला कुणी दिलं नाही.

वरच्या बाजूला लोखंडी हात.
दार सोडलं की आपोआप मिटतं.
भांडण झालं ते इथं.

राजव्वा दारातच बसते,
मांडीवर सूप, सुपात तंबाखू, भिजवलेली पानं, कात्री.
मे महिना. डोक्यावर पत्रा.
जिन्यातून येईल तेवढाच वारा.
आणि हे दार येऊन तिच्या पाठीला टेकतं,
हळूच, पुन्हा पुन्हा,
रांगणाऱ्या पोराच्या डोक्यासारखं.
तिनं फटीत बॉबिन घातली. मी काढली.
तिनं वीट लावली. मी उचलली.
‘तलपु वेय्यकु रा,’ ती म्हणाली, दार लावू नको रे.
सोलापुरात दिवसाढवळ्या दार लावतंय कोण,
मयत झाल्याशिवाय?

मी खाली बसलो.
विचारलं, अव्वा, अर्ध्या तासात किती वळता?
बोटं थांबली नाहीत.
पन्नास. आधी साठ व्हायच्या.
म्हटलं, हे दार तेवढंच देतं.
आग विझवत नाही, अडवतही नाही कायमची.
खाली सूत पेटलं
तर वरच्यांच्या हातात पन्नास विड्या.

तिनं हातातली विडी दोऱ्यानं बांधली,
टोक नखानं दुमडलं,
आणि हिशेब मांडला, तेलुगूत, पुटपुटत, मग मराठीत:
धाकट्याला जागं करायला दहा,
तो आमच्या ह्यांच्यासारखा झोपतो.
लावण्याला पाच.
मला उठायला पंधरा, गुडघे.
मागच्या खिडकीतून शेजारच्या गच्चीवर उतरायचं,
तिची कडी गंजलीय,
तिला किती धरू?

खिडकी मी बघितलीच नव्हती.
तीन दिवस दाराला नाणी लावत होतो
आणि कडी हातानं हलेना.
रॉकेल, हातोडी, शेवटी करवत.
बिलात लिहिली नाही. लाज वाटली.

खिडकी उघडली तसा वारा आला,
गरम, विडीच्या वासाचा, पण वारा.
राजव्वा सूप घेऊन तिकडं सरकली.
दार मिटलं.
पट्टीवर पट्टी बसली, आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदा
लूमचा आवाज लांब गेला,
पलीकडच्या पेठेत गेल्यासारखा.

तिची कात्री पानावर थांबली.
भिंतीला धरून उठली, दार उघडलं,
जिन्यात वाकून ऐकलं.
चालू होते सगळे.
‘चालू आहेत,’ ती मला म्हणाली,
जसं मीच विचारलं होतं,
आणि दार सोडलं.